गल्लीकडचं दार

माझं काम कळवणमध्ये बसून होतं, यावर गावातल्या बऱ्याच जणांचा अजूनही विश्वास बसत नाही. परदेशी सरकारांना भारतात कचेऱ्या लागतात: वकिलात, सांस्कृतिक केंद्र, भाषेचे वर्ग, व्यापार कार्यालय. पूर्वी त्या शहरभर विखुरलेल्या असत. आता बऱ्याच देशांना त्या एकाच आवारात हव्या आहेत. कोणाला किती जागा द्यायची, कोण कुठून आत येणार, कोणाची भिंत कोणाला लागून असणार, विजेचं बिल कसं वाटायचं, हे सगळं इमारतीचा पहिला नकाशा निघण्याआधी ठरवावं लागतं. ते ठरवून देणं हे माझं काम. शिक्षणानं मी आर्किटेक्ट, पण विटा-सिमेंटशी माझा संबंध उशिरा येतो, कधी कधी येतही नाही. बैठका पडद्यावर होतात, नकाशे संगणकावर निघतात, आणि जागेवर जायचं असेल तेव्हा पहाटेच्या एसटीनं आधी नाशिक गाठायचं. कळवणला रेल्वे नाही.

इथे लिहितेय ते काम एका युरोपीय देशाचं आहे. करारामुळे देशाचं नाव सांगता येत नाही. त्यांची वकिलात नरिमन पॉइंटला एका टॉवरमध्ये भाड्यानं होती, भाषा आणि संस्कृतीची संस्था फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत, आणि व्यापार कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात. तीन भाडी, तीन जनरेटर, तीन ठिकाणचे पहारेकरी. राजधानीतल्या त्यांच्या मालमत्ता विभागानं हिशेब केला आणि तिन्ही संस्थांना एका छपराखाली आणायचं ठरवलं. हिशेब चुकीचा नव्हता. सार्वजनिक पैसा वाचवायला हवा, हे मलाही पटतं. पण एकत्र येण्यानं काय वाचतं हे कागदावर लगेच दिसतं, काय हरवतं ते मात्र कुठल्याच रकान्यात येत नाही. या कामात मी सगळ्यांत जास्त वेळ त्या न दिसणाऱ्या गोष्टीवर घालवला.

सुरुवात कायद्यापासून करावी लागते. दूतावासांसाठी 1961 चा व्हिएन्ना करार आहे आणि वाणिज्य दूतावासांसाठी 1963 चा. मुंबईतल्या परदेशी वकिलाती दुसऱ्या करारात बसतात, कारण राजदूत दिल्लीत असतो. या दुसऱ्या करारातलं 55 वं कलम माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलेलं आहे. वाणिज्य दूतावास ज्या इमारतीत आहे तिथे इतर संस्थांची कार्यालयं असायला हरकत नाही, मात्र त्यांची जागा दूतावासाच्या जागेपासून वेगळी हवी, आणि त्या कार्यालयांना दूतावासाचा भाग समजलं जाणार नाही, असा त्याचा आशय आहे. वाचायला साधं कलम. पण त्याचा अर्थ असा की इमारतीच्या मधून एक रेघ जाते, आणि ती रेघ ज्या भिंतीवरून जाईल तिच्या अलीकडे एक कायदा, पलीकडे दुसरा. पोलिसांनी आत यायचं की नाही, कर द्यायचा की नाही, परदेशातून आलेल्या सामानावर जकात लागणार की नाही, हे सगळं त्या रेघेवर ठरतं. म्हणून विजेचे मीटर वेगळे, संगणकाची जाळी वेगळी. सभागृह दोघांचं म्हणायचं असेल, तरी कागदावर ते कोणत्या बाजूला आहे हे आधी लिहून ठेवावं लागतं.

आगीचा प्रश्न तर फारच महत्त्वाचा. 1961 च्या करारानुसार दूतावासात प्रमुखाच्या संमतीशिवाय यजमान देशाच्या माणसाला पाऊल टाकता येत नाही, आणि आगीसाठीही तिथे अपवाद लिहिलेला नाही. 1963 च्या करारात मात्र आग किंवा तसंच संकट आलं तर संमती गृहीत धरता येते. आमच्या बैठकीत हा फरक मी मांडला, तेव्हा त्यांच्या सुरक्षा सल्लागारानं पहिल्यांदा वही उघडली. अग्निशमन दलाचा बंब आवारात कुठून शिरेल, शिडी कुठे लागेल, कोणतं कुलूप कोण उघडेल, यावर पुढची अख्खी दुपार गेली.

आता मुख्य गोष्ट.

त्यांनी पाठवलेल्या पहिल्या मागणीपत्रिकेत प्रवेशद्वार एकच होतं. मोठ्या रस्त्यावर फाटक, तिथे तपासणी, मग सगळ्यांसाठी एक लॉबी. व्हिसाला येणारा, वर्गाला येणारी मुलगी, द्राक्षांच्या निर्यातीची चौकशी करायला आलेला पिंपळगावचा माणूस, सगळे त्याच यंत्रातून जाणार. फोन बाहेर, पिशवी बाहेर, ओळखपत्र दाखवा, नोंदवहीत नाव लिहा. व्हिसासाठी हे समजू शकतं. पण ग्रंथालयात येणाऱ्याला तुम्ही दर वेळी नाव, पत्ता आणि कारण विचारलंत, तर तो चौथ्या वेळी येत नाही. पुस्तक चाळायला येण्याचं कारण काय सांगणार? कारण नसताना येता येणं हीच तर ग्रंथालयाची गंमत.

मुंबईनं हे एकदा अनुभवलंय. मी जे. जे. आर्किटेक्चरमध्ये शिकत असताना न्यू मरीन लाइन्सचं अमेरिकन सेंटर चालत जाण्याच्या अंतरावर होतं. त्यांची वकिलात वेगळी, ब्रीच कँडीला, वांकानेर संस्थानच्या जुन्या वाड्यात. तिचं नाव लिंकन हाऊस. भुलाभाई देसाई रस्त्याच्या फुटपाथवरची व्हिसाची रांग सगळ्या शहराला माहीत होती. ती रांग आणि आमचं ग्रंथालय यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. 7 ऑगस्ट 1998 ला नैरोबी आणि दार-ए-सलाममधल्या अमेरिकी दूतावासांवर बॉम्बहल्ले झाले, दोनशेहून जास्त माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक स्थानिक आफ्रिकी होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला: परदेशातल्या नव्या कचेऱ्या रस्त्यापासून शंभर फूट आत हव्यात, आणि सरकारची सगळी माणसं एकाच आवारात. 2011 मध्ये मुंबईची वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली आणि सेंटरही तिच्या आवारात गेलं. इतकी माणसं मेल्यावर कोणीही असाच कायदा केला असता. त्यात दोष काढायचं माझ्या मनात नाही. पण रस्त्यावरून जाताजाता सहज आत शिरावं असं एक दार शहरातून कमी झालं, हेही तितकंच खरं.

याउलट उदाहरण माझ्या पाहण्यातलं सगळ्यांत चांगलं बर्लिनचं. डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांचे दूतावास 1999 पासून तिथे एका आवारात आहेत. प्रत्येकाची इमारत वेगळी, आपापल्या देशाच्या आर्किटेक्टनं आखलेली, आणि नकाशावर ते देश जसे एकमेकांच्या शेजारी आहेत तशाच इमारतीही मांडलेल्या. सगळ्यांना मिळून बाहेरून हिरवट तांब्याच्या पट्ट्यांची 15 मीटर उंच भिंत. त्याखेरीज सहावी इमारत आहे, तिचं नाव फेलेसहूस, म्हणजे सगळ्यांचं घर. प्रदर्शनं, सभागृह, उपाहारगृह तिथे, आणि ती लोकांसाठी खुली. पाचांपैकी कुठल्याही दूतावासात जाणारा माणूस आधी या घरात येतो. तिथे संस्कृती फाटकाच्या मागे कोंडलेली नाही. फाटकाचं काम तीच करते. मी तिथे गेले त्या दिवशी छायाचित्रांचं प्रदर्शन होतं. शाळेची मुलं जमिनीवर बसून चित्रं काढत होती, आणि त्यांच्यामधून वाट काढत फायली घेतलेले अधिकारी आत जात होते. तिथून थोड्याच अंतरावर, टियरगार्टन रस्त्यावर आपला दूतावास आहे, राजस्थानच्या लाल दगडाचा, आणि टागोर सेंटरही त्याच संकुलात. लंडनला आपण वेगळा मार्ग घेतला: इंडिया हाऊस 1930 पासून ऑल्डविचला, आणि नेहरू सेंटर 1992 पासून साउथ ऑडली रस्त्यावर. इंग्रजांनीही दिल्लीत तसंच केलं. उच्चायुक्तालय चाणक्यपुरीत, आणि ब्रिटिश कौन्सिल कस्तुरबा गांधी मार्गावर, चार्ल्स कोरियांनी बांधलेल्या इमारतीत. एकत्र असावं की वेगळं, याचं सर्वांना लागू पडेल असं उत्तर मला सापडलेलं नाही. एकत्र असलं तरी दार कोणाचं, हा प्रश्न मात्र प्रत्येक ठिकाणी विचारावाच लागतो.

गर्दीचा अंदाज बांधायला मी शाळा-कॉलेजात शिकले नाही, सप्तशृंग गडावर शिकले. वडील एसटीत वाहतूक नियंत्रक होते. चैत्रोत्सवात आणि नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीला थांबवतात आणि पुढचा घाट एसटीनं चढायचा असतो. वडिलांची ड्यूटी नांदुरीला लागायची, आणि सुटीत मी त्यांच्याबरोबर तिथे असायचे. ट्रस्ट, ग्रामपंचायत, पोलीस, आरोग्य खातं, एसटी, सगळ्यांना तेवढ्याच मोकळ्या मैदानात काम करायचं. खानदेशातून चालत आलेली माणसं, पायाला फोड आलेले, लेकरं कडेवर. त्यांना दर्शनाच्या बारीत उभं करण्याआधी काय लागतं ते मी तिथे पाहिलं: पाणी, सावली, सामान ठेवायला खात्रीची जागा, आणि पुढे किती वेळ लागेल हे कोणीतरी नीट सांगणं. वडील म्हणायचे, बारी हलत असली तर माणूस दिवसभर उभा राहतो. बारी कुठे चाललीय हेच कळेना झालं की अर्ध्या तासात भांडणं सुरू होतात. वकिलातीच्या प्रतीक्षागृहाचा हिशेब करताना मी आजही तासाला किती माणसं येतील एवढ्यावर थांबत नाही. ती किती लांबून येतील, त्यांच्याबरोबर कोण असेल, हातात काय असेल, हेही लिहिते.

त्या देशाच्या मागणीपत्रिकेत अर्जदारासाठी जागा होती. अर्जदाराबरोबर आलेल्या माणसासाठी नव्हती. त्यांच्या देशात कामाला जाणारा एकटा जातो. सोबत येणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता, त्यात वाईट हेतू काही नव्हता. मी त्यांना कळवणचं वेळापत्रक दाखवलं. इथून मुंबई अडीचशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी नऊची वेळ मिळाली तर मध्यरात्री निघावं लागतं. मुलगी एकटी निघत नाही. बरोबर वडील किंवा मामा, बहुतेक वेळा दोघंही. पहाटे पाचला ते मुंबईत उतरतात. तोंड धुवायला जागा नाही, फोन आत नेता येत नाही, म्हणून फुटपाथवरच्या कोणाकडे तरी पैसे देऊन पिशवी ठेवायची. माझा भाचा जर्मन शिकतोय. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, आणि तेव्हापासून आमच्या तालुक्यातही परदेशी भाषेचा विषय घराघरांत निघायला लागला. नर्सिंग केलेल्या मुली, आयटीआयची मुलं. परवा भाच्यानं विचारलं, "आत्या, तिथे आत गेल्यावर बसायला मिळतं का?" भाषेची परीक्षा, नोकरीचं पत्र, बँकेचे कागद, यांतलं काही त्यानं विचारलं नाही. मी तो प्रश्न तसाच्या तसा पुढच्या बैठकीत वाचून दाखवला.

त्या बैठकीनंतर आराखड्याचं स्वरूप बदललं. मी सुचवलं ते असं: भूखंडाला मोठा रस्ता आहे आणि बाजूनं एक गल्ली आहे. वकिलातीचं फाटक मोठ्या रस्त्यावर राहू दे, पण भाषासंस्थेला गल्लीकडून स्वतंत्र दार द्या. तळमजल्यावर ग्रंथालय, त्याला लागून चहा-कॉफीची जागा, स्वच्छतागृह आणि सामान ठेवायची कपाटं. व्हिसाला येणाऱ्यांबरोबरची माणसं तिथे बसतील. वर्ग वरच्या मजल्यावर. सभागृह दोन्हींच्या मध्ये, त्याला दोन बाजूंनी दारं, किल्ली संस्थेकडे.

सुरक्षा सल्लागारानं हरकत घेतली आणि ती रास्त होती. दार वाढलं की पहारा वाढतो, तीन पाळ्यांत माणसं लागतात, शिवाय एका दाराची कमजोरी सगळ्या इमारतीची कमजोरी होते. त्यानं पर्याय दिला: संस्थेची इमारत पुढे, रस्त्यालगत बांधा, वकिलात मागे न्या. वकिलातीला रस्त्यापासून अंतर मिळेल आणि संस्थेला दारही मिळेल. कागदावर ही मांडणी सुंदर दिसत होती. दोन्ही गरजा एकदम भागत होत्या, आणि खर्चही कमी.

संस्थेच्या संचालक बाई तोपर्यंत फारशा बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे अंतर म्हणून तुम्ही आमचे विद्यार्थी वापरणार?"

पडद्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. नैरोबीत मेलेली बहुतेक माणसं त्या शहरातलीच होती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. एखाद्या चौरसाचं तोंड कुठे वळवायचं एवढाच प्रश्न नसतो, कोणाला कोणाच्या पुढे उभं करायचं हा प्रश्न असतो, आणि तो इतक्या उघडपणे मांडलेला मी आधी कधी ऐकला नव्हता. सल्लागारानं स्वतःहून तो पर्याय मागे घेतला. त्यानंतर आमच्यात वाद झाले, पण त्या माणसाबद्दलचा माझा आदर तिथून वाढला.

शेवटी संस्था बाजूला गेली, गल्लीकडे. दोन्ही इमारतींचा सांगाडा वेगळा, मध्ये चौक. चौकातून पलीकडे जायचं असेल तर तपासणी. ग्रंथालयात यायचं असेल तर फक्त एक पहारेकरी आणि मोठ्या पिशव्यांसाठी कपाट. गल्लीत वाहनांना बंदी घालायला महापालिकेची परवानगी लागणार होती. त्यासाठीचा पत्रव्यवहार हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. व्यापार कार्यालयाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. त्यांना दोन खोल्या, एक बैठकीची जागा आणि चांगलं इंटरनेट हवं होतं, ते मिळालं.

मुंबईच्या पावसाचा मात्र सगळ्यांना विचार करावा लागला. राजधानीतल्या अभियंत्यांनी जनरेटर, सर्व्हर आणि ग्रंथालयाचा जुना संग्रह तळघरात दाखवला होता, त्यांच्याकडे तशीच पद्धत आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीचं पाणी कुठपर्यंत आलं होतं, याचा नकाशा मी त्यांना पाठवला. त्यावर चर्चा झालीच नाही. दुसऱ्या दिवशी सगळं दुसऱ्या मजल्यावर गेलेलं होतं.

खर्चाच्या वाटणीवर मी अडून बसले. एकत्र आवारात सगळे खर्च चौरस फुटांवर वाटायची पद्धत आहे, आणि ती सोपी आहे. पण पहाऱ्याचा, तपासणी यंत्रांचा, जाड काचांचा खर्च चौरस फुटांवर वाटला, तर भाषासंस्थेला तिला नको असलेल्या सुरक्षेचे पैसे भरावे लागतात. मग ती फी वाढवते. फी वाढली की कोण गळतं ते मी नाव घेऊन सांगू शकते: आमच्या तालुक्यातली मुलं गळतात. म्हणून मी लिहिलं की पाणी, लिफ्ट, बाग, साफसफाई जागेप्रमाणे. सुरक्षा मात्र ज्याच्यामुळे लागते त्याच्या खात्यावर. मालमत्ता विभागानं हे पूर्ण मान्य केलं नाही. संस्थेच्या वाट्याला एक लहान ठरावीक रक्कम राहिली, आणि दर वर्षी ती वाढवता येणार नाही असं ठरलं.

संध्याकाळचा प्रश्नही असाच सुटला. वकिलात पाचला बंद होते, शनिवारी तर उघडतच नाही; वर्ग मात्र नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळी आणि शनिवारीच भरतात. एकच वातानुकूलन, एकच लिफ्ट असती तर दर शनिवारी संस्थेला वकिलातीची परवानगी मागावी लागली असती. आता जिना वेगळा, मीटर वेगळा, किल्ल्या वेगळ्या. कार्यक्रम रात्री नऊपर्यंत चालला तरी कोणाला विचारायला नको.

राहिली ती लेखी हमी. इमारत कशीही बांधा, एखादा वाईट प्रसंग घडला की पहिलं बंद होतं ते लोकांचं दार. तात्पुरतं म्हणून बंद होतं आणि पुन्हा उघडत नाही, कारण ते उघडण्याची जबाबदारी कोणावरच नसते. म्हणून तिन्ही संस्थांमधल्या आपसातल्या करारात मी एक कलम घातलं: धोका असेल तर वकिलातीचा प्रमुख गल्लीकडचं दार ताबडतोब बंद करू शकेल, पण 30 दिवसांनी ते आपोआप उघडेल, पुढेही बंद ठेवायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागेल आणि संस्थेच्या संचालकांची सही लागेल. हे कलम दोनदा मसुद्यातून गाळलं गेलं आणि दोनदा परत आलं. त्याच्या बदल्यात सभागृहातल्या काही खुर्च्या सोडाव्या लागल्या, चौकही थोडा लहान झाला. सह्या झालेल्या प्रतीत कलम आहे. आता दुसऱ्या एका देशाचं काम सुरू होतंय, आणि त्यांच्या मागणीपत्रिकेच्या पहिल्या पानावर, क्षेत्रफळाच्या तक्त्याच्याही आधी, मी तेच कलम लिहून ठेवलं आहे.